आजोबांच्या फोटोतला ट्रक: बेडफर्ड नव्हे, मग कोणता?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा दुसऱ्या महायुद्धात आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते आणि ८व्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो उरलाय. ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभे आहेत, मागे पेन्सिलीने ‘इटली १९४४’ लिहिलंय. त्या ट्रकचं १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं) मॉडेल करून वडिलांना पंच्याहत्तरीला द्यायचंय. मोबाइलवरच्या चित्रशोधाने ‘बेडफर्ड क्यूएल’ सांगितलं, मित्र म्हणतो ‘मॉरिस क्वाड’. किट कोणतं घ्यावं, आणि हिरवा रंग कोणता मारावा?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हा बेडफर्ड नाही आणि क्वाडही नाही. कॅनडात बनलेला सीएमपी, म्हणजे ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’चा ट्रक आहे. केबिन १३ नंबरची, गाडी बहुतेक ३ टनी. आणि रंग हिरवा नसावा.

तुमचा प्रश्न नावाचा दिसतो, पण खरी अडचण नावाची नाही. मॉडेल करणाऱ्याला ‘बेडफर्ड’ किंवा ‘शेवरले’ एवढं कळून भागत नाही. त्याच नावाखाली चासी लांब की आखूड, केबिन कोणत्या वर्षाची, हौदा कसला, चाकं कोणती, हे सगळं बदलतं, आणि किट घेताना तेच आडवं येतं. शिवाय तुम्हाला ‘एक ट्रक’ करायचा नाहीये, आजोबांचा ट्रक करायचाय. म्हणून फोटोत काय नक्की दिसतं, काय फक्त संभवतं आणि काय दिसतच नाही, हे तीन भाग पहिल्यापासून वेगळे ठेवा. मी पेशाने ड्राफ्ट्समन होतो आणि अठ्ठावीस वर्षं ब्रिटिश व राष्ट्रकुलातल्या सैन्यांच्या चाकी गाड्या करतोय. सगळ्यात जास्त चुका हे तीन भाग एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

ओळख पटवताना माझा एकच नियम आहे: जे बदलता येत नाही तिथून सुरुवात करायची. आपली एसटी आठवा. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये टाटाच्या चासीवरही बॉडी बांधली जायची आणि लेलँडच्या चासीवरही. लाल रंग, खिडक्या आणि फलक बघून चासी कोणाची ते सांगता येत नव्हतं. लष्करी ट्रकांचं तसंच आहे. ताडपत्री, हौदा, रंग, दिवे, मडगार्डावरच्या खुणा हे सगळं युनिटच्या वर्कशॉपमध्ये बदलायचं. केबिनचा पत्रा, पुढचं चाक दाराच्या पुढे की खाली, दोन एक्सलमधलं अंतर, हे सहसा बदलत नाही. चित्रशोधाला ताडपत्रीचा ट्रक आणि बसका चेहरा एवढंच दिसलं, म्हणून त्याने सगळ्यात जास्त फोटो असलेलं नाव पुढे केलं.

आता तुमचा फोटो. आजोबांच्या डाव्या खांद्यामागे पुढच्या काचेची कड दिसते. ती मोठी करून बघा. साधारण ट्रकची काच उभी असते किंवा वरच्या बाजूने मागे झुकलेली असते. इथे उलटं आहे, वरची कड पुढे आणि खालची कड आत. छत्री किंचित पुढे कलावी तशी. १३ नंबरच्या केबिनची सगळ्यात ठळक खूण हीच. काच अशी बसवली म्हणजे सूर्याची तिरीप ड्रायव्हरच्या डोळ्यावर कमी येते, आणि वरून जाणाऱ्या विमानाला काचेची चमक दिसत नाही. सीएमपीच्या ११ आणि १२ नंबरच्या आधीच्या केबिनींना ही उलटी काच नव्हती. १३ नंबरची केबिन १९४१ च्या अखेरीस आली आणि युद्ध संपेपर्यंत चालली. म्हणजे एका काचेवरून तुम्हाला घराणंही कळलं आणि गाडी त्याआधीची नाही हेही कळलं.

बेडफर्ड क्यूएल इथेच बाद होतो. त्याची काच जवळपास उभी, चेहरा सपाट, आणि ड्रायव्हर इंजिनाच्या शेजारी बसतो, त्यामुळे पुढचं चाक केबिनच्या पोटात येतं. तुमच्या फोटोत चाक दाराच्या पुढे आहे आणि त्याच्यावर आखूड, बोथट नाक आहे. क्यूएल १९४१ ते १९४५ मध्ये पन्नास हजारांहून जास्त बनले, इटलीतही होते, म्हणून तुमच्या मोबाइलचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. पण ३ टनी, चारही चाकांना ड्राइव्ह असलेले ब्रिटिश ट्रक एकट्या बेडफर्डने बनवले नाहीत. फोर्डसन, ऑस्टिन, आल्बियन, कॅरियर, क्रॉसली, थॉर्निक्रॉफ्ट या सगळ्यांनी तेच काम केलं आणि हौदे बरेचसे सारखे होते. ताडपत्री घातलेला ट्रक मागून पाहिला तर मीही लगेच नाव घेणार नाही.

तुमच्या मित्राच्या ‘क्वाड’मागेही कारण आहे. २५ पौंडी तोफ ओढणारा मॉरिसचा ट्रॅक्टर ‘क्वाड’ म्हणून प्रसिद्ध झाला. टामिया या जपानी किट-कंपनीच्या जुन्या १/३५ सेटमुळे आपल्याकडच्या कितीतरी मॉडेलरांची पहिली ब्रिटिश गाडी तीच. पुढे फोर्ड आणि शेवरलेनेही कॅनडात तोफेचे ट्रॅक्टर केले आणि सैनिक त्यांनाही क्वाडच म्हणू लागले. चेहरा तोच, १३ नंबरचा. पण तुमच्या फोटोत बोथट नाकाच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘एल’ आणि पुढे दोन आकडे दिसतात, बाकीचे आजोबांच्या हाताआड गेलेत. हे अक्षर सोन्यासारखं आहे. ब्रिटिश पद्धतीत नंबराच्या आधीचं अक्षर गाडीचा वर्ग सांगतं. ‘एल’ म्हणजे एक टनाच्या वरची लॉरी, ‘झेड’ म्हणजे १५ हंड्रेडवेट आणि त्याखालचे ट्रक, ‘एच’ म्हणजे ट्रॅक्टर, ‘एम’ मोटारी, ‘सी’ मोटरसायकली, ‘ए’ रुग्णवाहिका, ‘एफ’ चिलखती मोटारी, ‘टी’ रणगाडे आणि कॅरियर. क्वाड असता तर ‘एच’ असता. हा नंबर गाडीला मिळाला की युनिट बदललं तरी तोच राहायचा. युनिटच्या खुणा मात्र पुसल्या जायच्या आणि नव्याने रंगवल्या जायच्या. दोन्हींचं वजन एकसारखं धरू नका.

‘एल’मुळे १५ हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टनाची गाडी बाद झाली. (एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, ५०.८ किलो.) तरी मी एका दुव्यावर थांबत नाही, दुसरा शोधतो. इथे तो आजोबांनीच दिलाय. तुम्ही लिहिलंय त्यांची उंची साडेपाच फूट होती, म्हणजे १६८ सेंटिमीटर. ते चाकाच्या अगदी शेजारी उभे आहेत, त्यामुळे कॅमेऱ्यापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच आहे. मी तुमचं स्कॅन छापून पट्टीने मोजलं. बुटाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत ६२ मिलिमीटर, टायर ३८ मिलिमीटर. म्हणजे टायर त्यांच्या उंचीच्या एकसष्ट टक्के, साधारण १०३ सेंटिमीटर. ३ टनी सीएमपीला १०.५०-२० मापाचा टायर असायचा. वीस इंची रिम, वर-खाली साडेदहा-साडेदहा इंच रबर, मिळून ४१ इंच, म्हणजे १०४ सेंटिमीटर. १५ हंड्रेडवेटच्या गाडीला ९.००-१६, म्हणजे साधारण ३४ इंच, ८६ सेंटिमीटर. ते चाक आजोबांच्या मांडीच्या वरच्या टोकाशी संपलं असतं. तुमच्या फोटोत टायरची कड त्यांच्या पट्ट्याला लागते. आता ३ टनी म्हणायला मी तयार आहे.

इथे पुन्हा लांबीचा प्रश्न आडवा येतो. ३ टनी सीएमपी दोन लांबींत बनत होता. शेवरलेचं नाव सी६०एल आणि सी६०एस, फोर्डचं एफ६०एल आणि एफ६०एस. पहिलं अक्षर कारखान्याचं, ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट म्हणजेच ३ टन, शेवटी एल लांब आणि एस आखूड. (हा एल आणि नंबरातला एल वेगळे, गल्लत करू नका.) लांब चासीत एक्सलमधलं अंतर १५८¼ इंच, आखूडमध्ये १३४¼. १/३५ मध्ये ते अनुक्रमे ११४.८ आणि ९७.४ मिलिमीटर येतं. सतरा मिलिमीटरचा फरक लपत नाही.

बाजूने काढलेला पूर्ण फोटो असेल तेव्हा मी एक सोपं गुणोत्तर काढतो: दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर भागिले टायरचा व्यास. लांब ३ टनी सीएमपीला ते ३.८६ च्या आसपास येतं, आखूडला ३.२७, बेडफर्ड क्यूएलला (एक्सल अंतर १४३ इंच, टायर तोच) ३.४९. फोटो किती मोठा छापलाय याने काही फरक पडत नाही, हे या पद्धतीचं बळ. पण गाडी तिरकी उभी असेल तर गुणोत्तर फसवतं, लांब चासी आखूड वाटू लागते. पुढचं आणि मागचं चाक मोजून बघायचं. दोन्ही सारख्या मापाचे आले तरच आकडा धरायचा.

तुमच्या फोटोत मागचं चाक चौकटीच्या बाहेर आहे, म्हणून लांब की आखूड हे फोटो सांगत नाही. सर्व्हिस कोअरचं काम शिधा, पेट्रोल, दारूगोळा वाहण्याचं. त्या कामाला साधा हौद्याचा लांब ट्रक जास्त वापरला जाई. म्हणून मी लांब धरेन, पण ‘संभवतं’ या खात्यात.

फोर्ड की शेवरले? ते पुढच्या जाळीवरून कळलं असतं, पण आजोबा नेमके तिच्या पुढे उभे आहेत. केबिनचा पत्रा दोघांचा सारखा. फोर्डला व्ही८ इंजिन, शेवरलेला सरळ सहा सिलिंडरचं, पण तो फरक बोनेटखाली. तुम्हाला जे किट चांगलं मिळेल ते घ्या, यात खोटेपणा होत नाही. आयबीजी या पोलिश कंपनीने १/३५ आणि १/७२ दोन्हींत या घराण्यातले ट्रक काढलेत. घेताना खोक्यावरच्या चित्रापेक्षा स्प्रूचे (ज्या प्लास्टिकच्या चौकटींना सुटे भाग जोडलेले असतात त्यांचे) फोटो बघा: काच उलटी आहे का, आणि एक्सलमधलं अंतर ११५ मिलिमीटरच्या जवळ येतंय का. १/३५ मिळालं नाही म्हणून लहान प्रमाणाकडे वळलात तर एक सावधगिरी. एअरफिक्स आणि मॅचबॉक्सची जुनी ब्रिटिश वाहनं १/७६ ची आहेत, आजची बहुतेक १/७२ ची. फरक पाच टक्क्यांचा. ट्रकमध्ये कळत नाही, पण शेजारी आजोबांची आकृती उभी केलीत की लगेच कळतो.

‘ब्रिटिश गाडी’ म्हणून शोधत बसलात म्हणूनही ती तुम्हाला सापडली नसेल. हे ट्रक ब्रिटिश युद्धखात्याच्या अपेक्षांप्रमाणे बेतलेले, सगळे उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे. पण बनले ऑन्टारियोत, जनरल मोटर्सचे ओशावाला आणि फोर्डचे विंडसरला. चार लाखांच्या वर बनले. बरेच सुट्या भागांत पेट्यांतून जहाजाने जायचे आणि पोहोचल्यावर जोडले जायचे. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून आपल्या मुंबईत शिवडीलाच होता. आपल्या सैन्यात हे ट्रक स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालले, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘शेवरले’ आणि ‘फोर्ड’ येतात ते बऱ्याचदा हेच. वडिलांना विचारा, आजोबा गाडीला काय म्हणायचे. त्या एका शब्दावरून जाळीचा प्रश्न सुटू शकतो.

आता रंग. इथे मी जरा आग्रही आहे, कारण प्रदर्शनात मांडलेली अर्धी ब्रिटिश वाहनं सरसकट अमेरिकन ऑलिव्ह हिरवी असतात. ब्रिटनने एससीसी १५ (लष्करी रंगांच्या यादीतला क्रमांक) हा ऑलिव्ह रंग एप्रिल १९४४ पासून लागू केला, आणि तोही नव्या गाड्यांना. त्याआधी साधारण दोन वर्षं मूळ रंग एससीसी २ होता, सरळ तपकिरी, कोकोच्या पुडीसारखा. हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडचा तुटवडा हे त्याचं कारण. आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला, ट्युनिशियापासून सिसिली-इटलीपर्यंत, तिसराच प्रकार होता. खाली ‘लाइट मड’, म्हणजे ओढ्याचा गाळ अर्धवट वाळल्यावर दिसतो तसा करडट पिवळा-तपकिरी, आणि वर गडद रंगाचे मोठे ठळक पट्टे.

तुमच्या फोटोत दाराच्या मधोमध एक नागमोडी सीमा आहे. वरचा भाग गडद, खालचा फिकट. मी आधी ती सावली समजलो होतो. पण आजोबांची सावली उजवीकडे पडलीय आणि ही सीमा उजेडाच्या बाजूला आहे. शिवाय ती दाराच्या फटीवरून न तुटता मडगार्डावर जाते. सावली पत्र्याच्या वळणाबरोबर वाकली असती. म्हणजे हा रंगाचाच पट्टा. १९४४ साल, इटली, दोन छटा: मी लाइट मडवर गडद पट्टे धरतो. गडद म्हणजे निळसर काळा की गडद हिरवा, हे कृष्णधवल फोटो सांगणार नाही. मी निळसर काळा घेईन, तुम्ही हिरवा घेतलात तरी कोणी चूक म्हणू शकणार नाही.

कृष्णधवल फोटोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, अशा फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटतो. मडगार्डावर जो तिरका छेदलेला चौकोन आणि त्यात पांढरा आकडा दिसतोय, ती युनिटच्या शाखेची खूण. ब्रिटिश सर्व्हिस कोअरची खूण तिरकी दुभागलेली, लाल आणि हिरवी असे. तुमच्या फोटोत एक अर्धा काळा आणि एक अर्धा राखाडी दिसतो, ते याच्याशी जुळतं. दुसऱ्या मडगार्डावर डिव्हिजनची खूण असायची. ८व्या डिव्हिजनची तीन क्लोव्हरची. पण तुमच्या फोटोत ते मडगार्ड नाही.

म्युझियममधल्या गाडीवरून रंग घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जरूर जा. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून व्हॅलेंटाइन, सेंच्युरियनपर्यंत खऱ्या गाड्या आहेत. जाड पत्रा कसा वळतो, रिव्हेटचं डोकं किती उठतं, रबर कसं तडकतं हे तिथे उभं राहून जे कळतं ते फोटोत कळत नाही. पण उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना दर काही वर्षांनी रंग लागतो आणि तो जपणुकीचा असतो, इतिहासाचा नसतो. मी हे नुकसान सोसून शिकलो. एका खासगी संग्रहातल्या सीएमपीचे मी दिवसभर फोटो काढले, मापं घेतली, आणि त्यावरून चार महिने खपून १/३५ चा ट्रक केला. नंतर १९४३ चे फोटो हाती आले तेव्हा कळलं की त्या गाडीचा हौदा युद्धानंतर कोणीतरी लाकूड वाहायला बांधलेला होता. फाळक्याच्या कड्या, बाजूच्या फळ्यांची संख्या, सगळं चुकलं होतं. हौदा उखडून नवा केला. तेव्हापासून उभी गाडी मी रचना समजून घ्यायला वापरतो, आणि विशिष्ट वर्षासाठी त्या वर्षाचे फोटोच बघतो. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमचा फोटोसंग्रह इंटरनेटवर खुला आहे. इटली आणि भारतीय डिव्हिजन असा शोध घ्या, मडगार्ड आणि फाळके भरपूर दिसतील.

दोन बारीक गोष्टी तुमच्या मॉडेलला जिवंत करतील. सीएमपीची रिम दोन अर्ध्यांची असते आणि चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात, आतलं वर्तुळ चाकाला हबशी धरणारं, बाहेरचं रिमचे दोन अर्धे जोडणारं. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सोडले तर रिम उडून माणूस मरायचा, म्हणून ब्रिटिश सेनेत ते लाल रंगवायचे. फोटोत बाहेरच्या वर्तुळाचे नट आतल्यांपेक्षा गडद दिसतात, ते यामुळेच असावं. ०००० नंबरच्या कुंचल्याने, धुळकट लाल, चकचकीत नको. दुसरं, मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा असायचा. रात्री दिवे मालवून ताफा जाताना त्याच्यावर एक बारीक दिवा पडायचा आणि मागचा ड्रायव्हर तेवढा पांढरा ठिपका धरून गाडी हाकायचा. आजोबांनी इटलीतल्या कित्येक रात्री असा ठिपका बघत काढल्या असतील. मॉडेल उलटं केल्याशिवाय दिसणार नाही, तरी रंगवा.

नंबराचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. दिसणारे दोन आकडे आणि ‘एल’ एवढंच खरं आहे. उरलेले आकडे मनाने घालू नका. फोटोत ते आजोबांच्या हाताआड आहेत, तर मॉडेलमध्येही आजोबांची आकृती तिथेच, त्याच पोझमध्ये उभी करा. हात तिथेच येईल आणि आकडे झाकले जातील. जाळीही तशीच झाकली जाईल. बोनेटवर पांढरा तारा (दोस्त राष्ट्रांच्या गाड्यांची ओळखखूण) घालायचा मोह होईल, पण तुमच्या फोटोत बोनेटचा माथा दिसत नाही. मी घालणार नाही.

किट मागवण्याआधी एक काम करा. आत्ताचं स्कॅन फ्रेमच्या काचेवरून काढलेलं आहे, त्यात खिडकीचं प्रतिबिंब आलंय. फोटो फ्रेममधून हलक्या हाताने काढा. पुठ्ठ्याला चिकटला असेल तर ओढू नका, चांगल्या स्टुडिओत न्या. १२०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा आणि चौकटीची उजवी कड कापू नका. तिथे, हौद्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली, अगदी कडेला एक गोल काळी रेघ आहे. ती स्टेपनीची कड असेल तर हौदा कुठे सुरू होतो ते कळेल, आणि चासी लांब की आखूड ते कदाचित ठरवता येईल. नवं स्कॅन टाका, मी मोजून सांगतो.